मुलाणींची निळी फाइल

अल्लाबक्ष मुलाणी यांनी खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. समोर आलेला नग तपासायचा, रकाना भरायचा, शिक्का मारायचा. ज्याला रकाना नाही ते घडतच नाही, यावर निवृत्तीनंतरही त्यांचा पूर्ण विश्वास होता. तीन वर्षांपूर्वी पत्नी मेहजबीन यांना स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी आधी मुलीला फोन केला आणि लगेच निळ्या फाइलमध्ये तक्ता आखला.

ताप, उलटी, भूक, शौच, झोप, विश्रांती. शेवटी शेरा. सहा केमो झाल्या; एकही दिवस कोरा राहिला नाही. नोकरीत असताना घरात पाण्याचा ग्लासही न उचललेले मुलाणी आता पेज करत, गोळ्या वेळेवर देत. शेजारच्या सुशीलाबाई गव्हांकुराचा रस घेऊन आल्या, तर त्यांनी दारातच विचारलं, "याची मात्रा कोणी ठरवली?" सुशीलाबाई पुन्हा आल्या नाहीत. तीही नोंद फाइलमध्ये आहे.

डॉक्टरीणबाई विचारत, "काय म्हणताय, मेहजबीनबाई?"

मुलाणी सांगत, "आम्हाला काल दोन उलट्या झाल्या. बाकी समाधानकारक."

डॉक्टरीणबाई फाइल चाळून खूश होत. असे नातेवाईक हवेत, हे त्या इतर पेशंटनाही ऐकवत. मेहजबीन त्या खोलीत सहा महिन्यांत किती शब्द बोलल्या, याला रकाना नव्हता.

बोटांनाही नव्हता. चौथ्या केमोनंतर मेहजबीन यांच्या बोटांची टोकं बधिर झाली. वीस वर्षं त्या साड्यांना फॉल-बिडिंग करून देत होत्या. एकदा सुई बोटात घुसली, ते त्यांना कळलंच नाही, आणि गिऱ्हाइकाच्या मोतिया साडीवर रक्ताचे ठिपके पडले. त्यांनी काम बंद केलं. मुलाणींनी त्या दिवशी लिहिलं: विश्रांती, पूर्ण. शेरा, उत्तम.

यंदा जूनमध्ये आजार परत आला, या वेळी हाडात. पुन्हा तेच औषध, आता दर आठवड्याला, असं ठरलं. येताना मुलाणींनी अप्पा बळवंत चौकातून नवी फाइल घेतली. घरी आल्यावर मेहजबीन म्हणाल्या, "मी घेणार नाही."

"घेणार नाही म्हणजे? मागच्या वेळी काही त्रास नव्हता. हे बघ, लिहिलंय."

"तुम्ही लिहिलंय."

"मी रोज विचारत होतो तुला."

"विचारत होतात ना! मी बोटं म्हटलं की म्हणायचात, आधी भूक सांग."

मुलाणींनी जुनी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली. बोटं कुठेच नव्हती. "रकाना वाढवतो," ते म्हणाले. त्यांच्या मानाने ही फार मोठी माघार होती.

"अहो, रकाना नको. औषध घेईन, पण डॉक्टरांना माझं मी सांगणार. तुम्ही बाहेर बसायचं."

"आणि काही सांगायचं राहिलं तर?"

"तर माझं राहील."

सोमवारी मेहजबीन एकट्या आत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मागच्या दाराकडे पाहिलं. "मुलाणी कुठायत? फाइल?"

"फाइल घरी आहे. मी आलेय."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगून बोटांच्या टोकांना टाचणी लावून पाहिली. दहापैकी सात बोटांना पत्ता नव्हता.

"हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही फाइल वाचत होतात."

डॉक्टरीणबाईंनी आधीची चिठ्ठी फाडली, दुसरं औषध लिहिलं आणि मुलाणींना आत बोलावलं. "औषध बदललंय. गुरुवारपासून सुरू करू. याने हातांना त्रास कमी होतो. आता मला सांगा, झोप कशी आहे?"

मुलाणींचं तोंड उघडलं. उत्तर तयार होतं: साडेपाच तास, मध्ये दोनदा जाग. मेहजबीन त्यांच्याकडे बघत होत्या.

"तिला विचारा," ते म्हणाले. "मी बाहेर आहे."

बाहेर येऊन त्यांनी नर्सला विचारलं, बाकावरचा पंखा किती दिवस बंद आहे, आणि याची नोंद कुठे करायची.