सातवी तार

डावा डोळा गेला त्याचं दुःख मी पंधरा दिवस केलं. मग कंटाळा आला. आमच्या घराण्यात राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि दुःख फार टिकत नाही, त्याचाही थोड्या दिवसांत रागच होतो. डोळ्याचा पडदा सुटला, दोन शस्त्रक्रिया झाल्या, दोन्ही उत्तम झाल्या असं सगळे म्हणाले, आणि दिसत मात्र नव्हतं. एका डोळ्याने सगळं दिसतं, फक्त ते किती लांब आहे ते कळत नाही, हे मला इथे परदेशात, होगांग वस्तीतल्या आमच्या ब्लॉकच्या जिन्यात समजलं. खाली आणखी एक पायरी आहे अशा खात्रीने मी पाय टाकला. पायरी नव्हती.

पडल्याचं काही नाही. पण मी इथल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक आहे, आणि माझं काम म्हणजे बोटाएवढ्या पट्टेरी माशांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि काचेच्या अतिबारीक सुईने त्यांत एकेक थेंब सोडायचा. सुई जरा खोल गेली की अंडं फुटतं, जरा वर राहिली की थेंब पाण्यात. सगळा खेळ ‘किती लांब’ याचाच. आमचे प्रोफेसर भला माणूस. त्यांनी मला आकडेवारीचं आणि लिखाणाचं काम दिलं, घाई करू नकोस म्हणाले, आणि माझं टेबल तात्पुरतं दुसऱ्या मुलीला दिलं. ‘तात्पुरतं’ हा शब्द त्यांनी एका वाक्यात दोनदा वापरला. ते टेबल मी परत घेणार, हे मी तिथेच ठरवलं.

सराव प्रयोगशाळेतल्या अंड्यांवर करून चालणार नव्हता. म्हणून एका जुन्या मॉलमधल्या मॉडेलच्या दुकानात गेले आणि सगळ्यात बारीक भोकं असलेलं काय आहे ते विचारलं. दुकानदाराने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग तळहाताएवढ्या अंतराळयानाचा खोका काढून दिला, करड्या प्लास्टिकचा, आणि त्यात बसवायच्या दिव्यांची वेगळी पुडी. मोहरीएवढे सात दिवे आणि एक जास्तीचा, प्रत्येकाला केसासारखी तार. सहा दिवे खिडक्यांचे, सातवा शेपटीतल्या इंजिनाचा. अंतराळाचं मला काडीचं आकर्षण नाही. माझा संबंध फक्त भोकांशी होता.

आई शस्त्रक्रियेपासून माझ्याकडेच होती, व्हिजिट पासवर. पुण्यात ती चाळीस वर्षं सराफांसाठी गळ्यातल्या पोती गाठवते. काळे मणी, सोन्याचे मणी, दोरा तिच्या हातात आपणहून चालतो. मी पहिल्या संध्याकाळी तार घेऊन बसले आणि भोकाच्या अर्धा इंच अलीकडे हवेतच ओवायला लागले, तेव्हा ती म्हणाली, आण इकडे, दोन मिनिटांत ओवून देते. मी तिला बजावलं की या टेबलाला हात लावायचा नाही. ती बरं म्हणाली. मला वाटलं, म्हटलं म्हणजे ऐकलं.

चार संध्याकाळी वाया गेल्या. पाचव्या दिवशी एक गोष्ट सापडली. दिवा बाजूने लावला की चिमट्याची सावली प्लास्टिकवर पडते, आणि चिमटा जसजसा खाली येतो तशी सावली त्याच्याकडे सरकते. टोक आणि सावली जिथे भेटतात तिथे पृष्ठभाग. अंतर दिसत नसेल तर सावली बघायची. हे कुणी शिकवलं नाही, माझं मला सापडलं, आणि त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते. दोन आठवड्यांत सहा तारा खिडक्यांमधून आत गेल्या. आत त्या मी चिकटपट्टीने पक्क्या केल्या.

सातवी अडली. शेपटीतून पोटात जाणारी नळी वाकडी आहे, आणि तार मध्येच दुमडून परत यायची. एका मंगळवारी मी ती अर्धी आत तशीच सोडली आणि चिमटा आपटून उठले. बुधवारी कामावरून येऊन बघते तर तारेचं टोक पोटात आलेलं. काल शेवटच्या ढकलण्यात ती गेलीच असणार, आपणच घाईने उठलो, असं मला वाटलं. आनंदाच्या भरात मी पुढचं काही बघितलं नाही. तारा जोडल्या, यानाचे दोन्ही भाग दाबून बसवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोफेसरांना लिहिलं की माझा हात तयार आहे, सोमवारपासून टेबल मिळेल का. त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं, ‘कॅन’, म्हणजे इथल्या इंग्रजीत ‘हो, मिळेल’.

शनिवारी संध्याकाळी बटण दाबलं. खिडक्या उजळायच्या त्याऐवजी अख्खं यान उजळलं, भिंती, पंख, पोट, सगळं. प्लास्टिक इतकं पातळ की आतला उजेड सरळ बाहेर येत होता. आई कौतुकाने म्हणाली, आकाशकंदील सुरेख झालाय. खरं होतं, म्हणूनच फार लागलं. आतून आधी काळा रंग द्यायचा असतो, हे सूचनांच्या कागदावर चित्रासकट दिलेलं होतं. कागद मी उघडलाच नव्हता.

रविवारी सकाळी यान उघडून तारा काढायला घेतल्या. सहा तारा पट्टी सोडली की निघाल्या. सातवी ओढली, येईना. दिवा जवळ घेऊन बघितलं, तर नळीच्या तोंडाशी खसखशीएवढी गाठ. दोन वेढे आणि टोक आत दुमडलेलं. मी एकाही तारेला गाठ मारली नव्हती. मला तशी येतही नाही.

आई स्वयंपाकघरात चवळीच्या शेंगा मोडत बसली होती. मी यान तिच्यासमोर ठेवलं. तिने गाठीकडे बघितलं, आणि ओवलं की हात गाठ मारतोच, थांबत नाही, एवढंच म्हणाली.

“उद्या प्रयोगशाळेत पण येणार आहेस का माझ्याबरोबर?” मी म्हटलं. “एकेक अंडं धरून द्यायला?”

तिने आणखी दोन शेंगा मोडल्या.

“आधी एक डोळा बांधून बघितलं,” ती म्हणाली. “रोज, तू कामाला गेलीस की. रुमाल बांधायचे आणि तुझ्या टाकलेल्या तारेचा तुकडा घेऊन बसायचे. तुला काय होतं ते कळावं म्हणून. नाही गं जमलं. चाळीस वर्षं ओवतेय, आणि मला एकदासुद्धा जमलं नाही. म्हटलं, मला जमत नाही तर हिला कुठून जमणार. मग त्या बुधवारी रुमाल सोडला आणि ओवून टाकलं.”

मला भांडायचं होतं. त्याऐवजी रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. माझ्या माहितीतले सगळ्यात पक्के हात म्हणत होते की हे होणार नाही. मग हळूहळू दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. सातवी तिची होती, पण सहा माझ्या होत्या.

“ओवताना सावली बघत होतीस?” मी विचारलं.

“कसली सावली?” ती म्हणाली.

मी गाठ कापली. सातवी तार ओढून काढली आणि पुडीतली जास्तीची घेतली. यान आतून काळं रंगवून पंख्याखाली ठेवलं. साडेतीन वाजता मी टेबलाशी बसले आणि आईला समोर बसायला सांगितलं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले, एकात एक अडकवून. खिडक्यांच्या तारा तासाभरात झाल्या. सातव्या तारेला मात्र पाऊण तास गेला. ती पाच वेळा दुमडली, आणि दर वेळी आईचे खांदे पुढे यायचे आणि परत मागे जायचे. सहाव्यांदा टोक पोटात आलं. आईने चिकटपट्टीची रिंग माझ्याकडे सरकवली.

अंधार पडताना बटण दाबलं. यान काळोखात राहिलं, सहा खिडक्या लागल्या, आणि मागे इंजिनाचा निळा ठिपका. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, आता कंदील नाही दिसत.

सोमवारी टेबल मिळालं. पहिलं अंडं फुटलं, दुसरं फुटलं, मग मी मोजत राहिले. शेजारची मुलगी मुद्दाम माझ्याकडे बघत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत आईला फोन केला. ती रडेल, घरी ये म्हणेल, अशी माझी तयारी होती. किती फुटली, तिने विचारलं. मी म्हटलं बावीस, तेविसावं नीट झालं. पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला.

“मग फोन कशाला करतेस?” ती म्हणाली. “चोविसावं घे.”