वापस रिटर्न

माझा मोठा भाऊ नागपूरला कॉलेजात इंग्रजी शिकवतो. लोकांच्या बोलण्यातून जास्तीचे शब्द वेचून काढणं हा त्याचा जन्मभराचा उद्योग. दुसरं काही वेचलं नाही त्यानं. आम्ही मायलेकी पहाटे मोहफुलं वेचायला निघायचो तेव्हा हा डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेला असायचा.

नागभीडजवळच्या आमच्या गावी तो यायचा तो दिवाळीला, आणि आला की सुरू. एटीएम मशीन म्हणू नका, त्या एममध्येच मशीन आहे. पिन नंबर म्हणू नका, नंबर आतच आहे. फ्री गिफ्ट म्हणजे काय, गिफ्ट कधी पैसे घेऊन देतात का? हे त्यानं मोबाईलच्या दुकानदाराला भर बाजारात ऐकवलं. शाळेतल्या मास्तरांच्या तोंडून ‘रिपीट अगेन’ निघालं तर त्यांच्याच पोरांसमोर त्यांचं तोंड एवढंसं केलं. खोटं नव्हता बोलत, शब्द जास्तीचेच होते. पण ताटात चार शितं जास्त पडली म्हणून कोणी वाढणारीचा हात धरतं का? हा धरायचा. वर हसायचा. त्या हसण्याची मला किळस होती, आजही आहे.

मायला चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती केलं तेव्हा भाऊसाहेब एकदाचे आले. सिस्टरनं विचारलं, “पेशंटची पास्ट हिस्ट्री काय आहे?” मायला धाप लागलेली, आणि हा म्हणतो, “हिस्ट्री पास्टच असते, सिस्टर. फ्युचर हिस्ट्री ऐकलीय का कधी?” सिस्टरनं त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळली. हिस्ट्री मीच सांगितली. त्याला ती माहीतच नव्हती.

मायला इंग्रजी येत नव्हतं. एसटीत बसून बसून तिनं एक शब्द उचलला होता, रिटर्न. भाऊ जायला निघाला की ती फाटकापर्यंत यायची आणि म्हणायची, “वापस रिटर्न येजो रे बापा.”

“आई, रिटर्न म्हणजेच वापस. दोन्हीपैकी एक काढ.”

“हाव,” ती म्हणायची. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. एकदा मी विचारलं, माय, काऊन त्याचं ऐकून घेतं? तर म्हणाली, “दोनदा म्हणतलं तं एकदा तरी येते ना तो.”

ऐन मोहाच्या दिवसांत माय गेली. तेरवीचं जेवण साऱ्या गावाला होतं. माय गावातल्या प्रत्येक लग्नात, बारशात, तेरवीत चुलीपुढे राबलेली. तिच्या नावानं गाव पंगतीला बसलं नसतं तर तिच्या आयुष्यावर थुंकल्यासारखं झालं असतं. मला तेवढंच हवं होतं, गावानं पोटभर जेवावं.

आमच्याकडे आवतन आदल्या दिवशी देतात. पण ते नुसतं सांगणं झालं. स्वयंपाक उतरला की घरचा माणूस पुन्हा दारोदार जातो, जेवाले चला म्हणतो, त्याला बलावनं म्हणतात. बलावनं आल्याशिवाय कोणी उठत नाही. न बोलावता पंगतीला गेला म्हणजे अधाशी, असं मानतात. भाऊ याच गावात वाढला, त्याला हे माहीत नव्हतं असं नाही.

त्यानं आदल्या दिवशी गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. तेवढं झालं आवतन. दुसऱ्या दिवशी भात उतरला, वरण झालं, बुंदीच्या टोपल्या भरल्या. मी म्हटलं, “दादा, आता बलावनं कराले जा.”

“कशाला? सगळ्यांनी मेसेज वाचलाय, निळ्या खुणा आल्यात. तेच पुन्हा सांगायचं म्हणजे तुमचं रिपीट अगेन.”

मी चुलतभावाला पाठवू लागले तर त्यालाही अडवलं. म्हणे, लोकांना अक्कल आहे, येतील.

मांडवात पट्ट्या अंथरलेल्या, पत्रावळी मांडलेल्या, आणि चिटपाखरू नाही. उन्हं डोक्यावर आली. वरणावर साय धरली. मी फाटकातून गल्लीत पाहिलं. मोह वेचून आलेली माणसं आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून आपापल्या ओट्यावर बसली होती. बायकांनी डोईवर पदर घेतलेले, लेकरांच्या केसांना तेल लावलेलं. सारं गाव तयार होऊन आमच्या मांडवाकडे पाहत बसलं होतं. आणि हा मोबाईल काढून निळ्या खुणा दाखवत होता.

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या हातातून मोबाईल घेतला आणि कणगीवर ठेवला. म्हटलं, “मायच्या नावाचं अन्न शिळं होऊन राह्यलं. ऊठ. तूच जायचं आता, दुसरा कोणी नाई.”

गेला. मी मागोमाग गेले, माझा त्याच्यावर भरवसा नव्हता. पहिल्याच ओट्यावर आमचे शेजारी, मायच्या वयाचे. भाऊ म्हणाला, “मेसेज वाचला नाही का?”

“वाचला ना, भाऊ. आवतन भेटलं. बलावनं कुठी आलं?”

तो खाली पाहून पुटपुटला, “चला जेवायला.”

ते जागचे हलले नाहीत. एका हाकेला उठायची रीत नाही. भावानं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं.

“चला ना काका. चला, जेवाले चला.”

“हाव, चाला,” म्हणत ते उठले.

घरामागून घर तेच. प्रत्येक दारी त्याला तेच पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं, आणि शेवटच्या आळीत तर न थांबता म्हणू लागला, “चला, चला, जेवाले चला.” गाव जेवलं. पंगतीवर पंगत उठली. म्हाताऱ्या मायचं नाव घेऊन रडल्या आणि पुन्हा बुंदी मागून घेतली. मायचं झालं.

दुसऱ्या दिवशी तो निघाला. बॅग घेऊन फाटकाशी गेला आणि थांबला. चप्पल नीट केली, पुन्हा नीट केली. बस चुकेल म्हटलं तरी हलेना. मला कळलं तो कशासाठी थांबला होता. ते म्हणणारी आता मीच उरले होते, आणि ते दोन शब्द माझ्या तोंडाशी आलेही होते.

“येतो,” तो म्हणाला.

“ये,” मी म्हटलं.

तो आणखी थोडा वेळ उभा राहिला. मी आत जाऊन पंगतीची पातेली, गंज घासायला घेतले.