पंगतीतली तीन मिनिटं

भुजंग वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला चार शिव्या घालाल आणि मोकळे व्हाल. शिव्या घालणाऱ्यांतल्या निम्म्यांनी बोरीतल्या त्याच्या पत्र्याच्या खोलीत मांडी घालून तेच बघितलंय, हेही मला चांगलं ठाऊक आहे.

रेडिओ दुरुस्त करत करत हा गडी मोठा झाला. बाप लवकर गेला, शाळा सातवीला सुटली. पण हातात कसब असं, की मुका झालेला रेडिओ कानाशी धरून दोन टिचक्या मारायचा आणि काय बिघडलंय ते सांगायचा. पुढं टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं द्यायला लागला, मग खोलीतच पिक्चर लावायला लागला. एक्क्याण्णव साली परभणीहून जुना व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला. त्या उन्हाळ्यात तर काय, व्हिडिओवाला आल्याशिवाय अक्षता पडेनात! भुजंगला जेवायला फुरसत नव्हती.

मे महिन्यात येलदरीकडच्या एका वाडीत सितारामच्या लेकीचं, पंचफुलाचं लग्न होतं. सिताराम आपला साधा कोरडवाहू शेतकरी, पण सोयऱ्यांनी व्हिडिओचा हट्ट धरला. लग्न लागलं, भर उन्हात पंगती बसल्या. लेकीचा बाप स्वतः बुंदीची बादली घेऊन वाढायला उठला. "घ्या हो, लाजू नका," म्हणत पत्रावळीमागून पत्रावळ करत चालला आणि तिसऱ्या पंगतीत बादलीसकट कोसळला. जीप मिळेपर्यंत सगळं संपलं. भुजंगचा कॅमेरा सुरूच होता.

दुःखाच्या घरातून लग्नाची कॅसेट मागायला कोण येणार? ती भुजंगकडंच राहिली. एकदा पिक्चर संपल्यावर कुणीतरी म्हणालं, "भुजंगा, ते वाडीतलं दाव की." त्यानं दावलं. त्या दिवशी बाया डोळ्याला पदर लावून उठल्या. पुढच्या आठवड्यात पार पाथरीकडचे पाव्हणे आले, तेही तेवढंच बघायला. तिकीट पिक्चरचं आणि गर्दी ह्याच्यासाठी! घाई तर अशी, की पडद्यावर हळद लागायला सुरुवात झाली की मागून ओरडा, "लग्न पळव रे! पडल्यालं दाव!"

रोजच्या पळवापळवीला भुजंग बेजार झाला. शेवटी त्यानं तेवढी तीन मिनिटं दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली आणि मूळ कॅसेटवर दुसरंच लग्न भरलं. त्या धंद्यात सगळे तसंच करायचे. एकाच कॅसेटवर तीन-तीन नवरदेव चढायचे.

दिवाळीपर्यंत लोकांना त्याचाही कंटाळा आला. रंगनाथ म्हणून रोजचं एक गिऱ्हाईक होतं. ते पानाची पिंक टाकून म्हणालं, "येलदरीच्या धरनात कुनी बुडालं की कॅमेरा घिऊन जात जा. आमी बी कुटवर एकाच मानसाला पडताना बघावं?" सगळे खो-खो हसले. भुजंगही हसला. मला विचाराल तर मला त्या हसण्याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. पण गिऱ्हाईक हसलं की दुकानदाराला हसावं लागतं म्हणतात.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी सितारामची बायको, बायनाबाई, एसटीनं बोरीला आली आणि विचारत विचारत खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. भुजंगचं धाबं दणाणलं. आता ही शिव्याशाप देणार, गाव गोळा करणार. पण बाई उंबऱ्यात टेकली, तांब्याभर पाणी पिली आणि म्हणाली, "लोक म्हनत्यात, तुज्याकडं आमचे मालक दिसत्यात."

"मावशी, तुमी नगा बघू ते."

"पडल्यालं न्हाई रे बाबा बघायचं. ते म्या माज्या डोळ्यानं बघितलंय. त्येंचा फोटू न्हाई एक बी. कदी काढलाच न्हाई. हळदीच्या येळंला विहिनीनं तोंड माखवलं तवा लय हसले व्हते बग. तू म्होरंच हुबा व्हतास. तेवढं दाव. हसल्यालं तोंड ध्यानातून जायलंय माज्या."

भुजंगला लख्ख आठवलं. कानापर्यंत पिवळा झालेला, दात नसलेल्या जागी जीभ लावून हसणारा सिताराम. त्याच्यावर आता कुणाची तरी वरात चढली होती. काय तोंडानं सांगायचं?

"पुसलं मावशी ते. पडल्यालं तेवढंच ठिवलं."

बायनाबाई ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, "मंग हाय ते दाव. पडायच्या आदी जरा हुबे असत्याल की."

त्यानं कॅसेट घातली. सिताराम बादली घेऊन पंगतीत आला, "घ्या हो, लाजू नका." बाई सरकत सरकत टीव्हीच्या पार जवळ गेली, तोंडावर पदर दाबला. दहा-बारा पत्रावळी झाल्या आणि सिताराम कोसळला. बुंदी मातीत सांडली. कडेचे दोघं तसेच जेवत होते. एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन पळत आली, एका पोरानं त्याचं डोकं मांडीवर घ्यायला हात घातला. तेवढ्यात टीव्हीतून खणखणीत आवाज आला, "ओ, सरका! बाजूला सरका की! दिसंना झालंय!"

पोरगा बिचकून मागं झाला. म्हातारी तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

दोनशे वेळा वाजलेलं ते वाक्य आज पहिल्यांदा भुजंगच्या कानात शिरलं. खोली भरभरून लोक बसायचे, त्यांतल्याही कुणी कधी त्या वाक्याचा विषय काढला नव्हता.

"पानी पाजायलते की त्येंला," बायनाबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "ह्यो सरका म्हननारा कोन हाय रे बाबा?"

"मी, मावशी," भुजंग म्हणाला.