सुनंदाचं बाळंतपण आणि माझी प्रश्नावली

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात खानदेशातली बरीच कुटुंबं आहेत. माझं मात्र नाही.

विषय होता, घरोघरी बाळंतपणासाठी दाई, सरकारी दवाखाना की खासगी प्रसूतिगृह हे कसं निवडतात, आणि त्यामागचं अर्थशास्त्र. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावच्या एका कॉलेजात शिकवत होतो, वय चव्वेचाळीस. घरी विषय सांगितला तेव्हा सौ. म्हणाली, "बायका कुठे बाळंत होतात ते तुम्हाला कशाला हवंय?" तिच्या आवाजात संशय होता. पुढे तो सगळ्यांच्याच आवाजात आला.

पिंपळनेरजवळच्या एका गावात मी प्रश्नावली काढताच पारावरचे पाच पुरुष गायब! कुटुंब नियोजनाच्या केसेस गोळा करणारा समजले मला. (सहावा तेवढा राहिला. त्याला गुडघ्यांमुळे उठवत नव्हतं.) माझे गाइड म्हणाले, "आधी ओळखीच्या घरी सराव करा. आणि उत्तर आपण सुचवायचं नाही. चेहऱ्यानंसुद्धा नाही!"

ओळखीचं घर होतं. मुलगी सुनंदा धुळ्याला दिलेली, तिला सातवा संपत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून रविवारी मी तिला आणायला जाणारच होतो. म्हटलं, एका तिकिटात दोन कामं!

माझे व्याही म्हणजे नाना, मूळचे शिंदखेड्याकडचे शेतकरी. मी पोचलो तेव्हा सुनंदाची पिशवी दाराशी भरून तयार होती. अशा वेळी मुलीच्या बापाने चहा घ्यायचा आणि "न्यायला आलो" एवढंच म्हणायचं असतं. मी चहा घेतला आणि फॉर्म काढला.

"प्रश्न पहिला. बाळंतपण कुठे करायचं ठरलं आहे?"

नाना हसले. "थट्टा करतस का, व्याही? पहिलं बाळंतपण मायेरलेच व्हस."

"ते तुमचं मत झालं."

हसू गेलं. "म्हनजे तुमनं मत येगळं शे?"

"ते मला सांगता येत नाही."

"काबर?"

"नियम आहे."

नानांनी दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी चेहरा भिंतीसारखा ठेवला होता. पडद्याआडून सुनंदा कळवळून म्हणाली, "बाबा!" मी तिला हातानेच गप्प केलं. (उत्तर देणाऱ्यावर इतरांचा प्रभाव पडता कामा नये.)

"प्रश्न चौथा. दाई, सरकारी दवाखाना, खासगी प्रसूतिगृह, यांपैकी काय?"

"दाई? आमनी सूनले दाईकडे टाकतस?"

"मी कुठेच टाकत नाही, नाना. मी फक्त विचारतोय. प्रश्न सातवा. खर्च कोण उचलणार?"

नाना उठले आणि खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. स्वतःच्याच घरात टोपी घालून उभा राहिलेला माणूस मी प्रथमच पाहिला!

"आते बठ्ठं समजनं! तुमले बाळंतपण टाळानं शे, म्हनीसन हाऊ कागद लयनात!"

"नाना, एकच राहिला. हा निर्णय घरात कोण घेतं?"

"मी! सून आठेच, आमना घर बाळंत व्हई. लिखी ल्या!"

आणि मी लिहून घेतलं.

जळगावला घरी पोचलो तेव्हा सौ. डिंक तळत होती. झारा हातात घेऊनच ती दारात आली आणि माझ्या पाठीमागे रस्त्यावर बघत राहिली.

"सुनंदा कुठंय?"

"फॉर्म पूर्ण भरून मिळाला," मी म्हणालो.

तिने तो वाचला. "तुम्ही तिला आणायला गेला होता की मोजायला?" एवढं बोलून ती आत गेली आणि पुन्हा डिंक तळू लागली. लेक येणार नाही म्हटल्यावर लाडू कोणासाठी, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मी लगेच नानांना पत्र लिहिलं. खुलाशाचे सात मुद्दे, क्रमांकासह. मी कोणाच्याच बाजूचा नाही, हे दोनदा लिहिलं. (आपली बाजू पटवायला याहून वाईट वाक्य नसेल!) वर नव्याने सुचलेले तीन प्रश्न तिकीट लावलेल्या पाकिटासह जोडले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी कॉलेजातून आलो तर ओट्यावर नाना! घरी "शेतावर जातो" सांगून सकाळीच निघालेले, आणि खरंच आधी शेतावर जाऊन इथे आत्ताच पोचलेले. मांडीवर वही. पाणीसुद्धा नको म्हणाले.

"आते मी इचारस, तुमी सांगा. दवाखाना कितला दूर शे?"

"चारशे बारा पावलं."

"मोजात?"

"दोनदा."

नानांनी ते माझ्याकडे संशयाने बघत लिहिलं. "पानी?"

"सकाळी सहा ते पावणेसात."

"बाळंतीणनी खोली दाखाडा."

मी त्यांना मागच्या खोलीकडे नेलं आणि दार ढकललं. आत बाज होती, शेगडी होती आणि बाजेवर बसून डिंकाचा लाडू खात सुनंदा होती! शेजारी विहीणबाई सुपारी कातरत होत्या.

"हाई कव्हय उनी?" नाना ओरडले.

"दुपारनी गाडीवर," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या.

"कोणी ठरवलं?" हा प्रश्न मी आणि नानांनी एकाच वेळी विचारला.

सौ. चहा घेऊन आली. "डोहाळजेवणाच्या दिवशीच आम्ही दोघींनी ठरवलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नावही घातलंय."

"मग आम्हाले काबर सांगं नही?" नाना म्हणाले.

"तुमनं दोन्हीसनं चालू व्हतं," विहीणबाई म्हणाल्या, "म्हनीसन चालू दिधं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आमचा एकमेकांवरचा संशय तिथेच फिटला. दोघांनाही काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी वही मिटली आणि चहा घेतला. पुढे चारशे बारा पावलांवर सुनंदाला सुखरूप मुलगी झाली.

नियमाला धरून मी माझ्याही घराचा फॉर्म भरला. "निर्णय कोण घेतं?" यासमोर प्रामाणिकपणे लिहिलं, "कुटुंबप्रमुखास माहीत नाही." नाव अर्थातच लिहिलं नव्हतं. गाइडांनी चष्मा सारून तो दोनदा वाचला.

"स्वतःच्या घरात काय चाललंय याचा पत्ता नाही! असल्या माणसाच्या माहितीवर प्रबंध उभा राहतो का? वगळा याला."

मी खाली मान घालून स्वतःला वगळलं.