कचेरीच्या आवारातली भुलाबाई

चिखलीला तहसील कचेरीच्या आवारात लिंबाचं झाड होतं. त्याच्या पारावर उभं राहून कोणीही बोलायचं, लोक बसून ऐकायचे. मग तिथे पाटी लागली की, सरकारी जागेत परवानगीशिवाय सभा, भाषण करायचं नाही. पार ओस पडला.

माझ्या आत्याला तिथंच बोलायचं होतं. मुलींची शाळा चौथीपर्यंतच होती आणि मी चौथीत होते. बायांनी मिळून पाचवीचा वर्ग मागावा, असं तिच्या मनात. वडील त्याच कचेरीत कारकून. त्यांनी भीतभीत साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, भाषण नको, मुलींची भुलाबाई दरवर्षी होते ती होऊ द्या.

भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही मुली मातीच्या भुलाबाईपुढे टिपऱ्या वाजवून गाणी म्हणायचो. शेवटी खिरापतीचा झाकलेला डबा हलवायचा. आत काय ते ओळखल्याशिवाय झाकण निघत नसे.

त्या संध्याकाळी पाराखाली बाया नेहमीपेक्षा जास्त होत्या. गाणी झाली. आत्यानं डबा हलवला.

"खोबरं?"

"नाही."

"करंज्या?"

"नाही गं. चौथीनंतर पोरींले जे भेटत नाही, ते."

चपराशी पुढे आला. "बाई, हे भाषण होऊन राह्यलं."

"भाषण कुठं रे भाऊ? पोरी खिरापत ओळखून राह्यल्या. तुले येत असन तर तू सांग."

"मले नका ओढू त्यात," म्हणून तो ओसरीकडे पाहू लागला. तिथे साहेब खुर्चीवर बसले होते, मागे वडील उभे.

आत्यानं डबा माझ्यापुढे धरला. घरी पाहुणा आला की मी दाराआड जायची. तरी मी म्हणाले, "पाचवी."

"मोठ्यानं."

"पाचवीचा वर्ग."

"माह्या पोरीले बी पायजे," मागून एक बाई म्हणाली. मग दुसरी, तिसरी. साहेब उठून आत गेले. आत्यानं झाकण काढलं. मुरमुऱ्याचे लाडू होते. चपराशानंही एक घेतला.

घरी येताना वडील म्हणाले, "माझी नोकरी डब्यात घालून हलवलीस."

"मग, वाजली का?" आत्या म्हणाली. वडिलांना हसू आवरेना.

पुढल्या साली आवारात भुलाबाईलाही परवानगी लागू लागली. काही वर्षांनी पाचवी सुरू झाली, पण तोवर माझं लग्न झालं होतं. धाकटी बहीण त्या वर्गात बसली. माहेरी गेले की मी भाकरी थापायची आणि ती चुलीजवळ बसून तिचं पुस्तक वाचायची.

"मोठ्यानं," मी म्हणायची.