पहिला टाक रे

नवरा गेला त्यानंतर बरेच महिने त्याची मोटरसायकल बाळकुमच्या आमच्या बिल्डिंगखाली तशीच उभी होती. विकायची बोलणी व्हायची आणि मोडायची. शेवटी एका रविवारी सकाळी बाबाच, म्हणजे सासरे, म्हणाले, "अगं, तू शीक की. कल्याणच्या शाळेत जायला रोज रिक्षा काय, बस काय, किती बदलतेस. मी शिकवतो. त्यालाही मीच शिकवली होती."

मी साधी स्कूटरही कधी चालवली नव्हती, त्यात ही गिअरची गाडी. पण नाही म्हणवेना. घरात आम्ही दोघंच उरलो होतो, आणि तो ऑफिसात कोसळला त्या दिवसापासून बाबांनी आज पहिल्यांदा स्वतःहून काही सुचवलं होतं.

कॉम्प्लेक्सच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. गाडी पळवणं मला लवकर जमलं. हळू चालवणं जमेना. वेग कमी झाला तरी मी तिसऱ्या गिअरमध्येच राहायचे, मग गाडी थरथरायची आणि बंद पडायची. घाबरून पहिला टाकला की क्लच सोडताच हिसका बसायचा. बाबा मागे बसून सांगायचे, "माणूस चालतो तेवढ्या वेगाला पहिला. सायकल जाते तेवढ्याला दुसरा. वळायच्या आधीच गिअर उतरव, वळणात क्लच दाबून तरंगत जाऊ नकोस. इंजिन दमलंय का, ते ऐक."

मला नुसता आवाज ऐकू यायचा. गाडी दबायला लागली की कानाशी बाबांचं हलकेच "दुसरा टाक" यायचं. मी टाचेने गिअरची दांडी दाबायचे आणि गाडी पुन्हा जोर धरायची.

मग एक गोष्ट लक्षात आली. घरात बाबा मला 'अगं' म्हणायचे, गाडी सुरू झाली की त्याचं 'अरे' व्हायचं. "अरे, घाई नको. बघून चल रे." मी मनावर घेतलं नाही, लाडाने मुलींनाही म्हणतातच की. पण एकदा गेटपाशी वळताना ते म्हणाले, "सांभाळ, कालच्यासारखा पडशील."

मी अजून एकदाही पडले नव्हते.

वर्षश्राद्ध झालं आणि बाबांनी खडवलीला जायचं काढलं. तिथल्या नदीत आम्ही त्याच्या अस्थी सोडल्या होत्या. "गाडीनेच जाऊ," ते म्हणाले. भिवंडीकडच्या ट्रकच्या रांगा, मग कल्याणला दुर्गाडीच्या पुलावर मुंगीच्या पावलांनी चाललेली गर्दी. पहिला, दुसरा, परत पहिला. बाबा एकदाही बोलले नाहीत. खांद्यावर त्यांचा हात तेवढा होता. मला बरं वाटलं, म्हटलं, आता येतंय आपल्याला.

नदीवर ते पाण्यात पाय सोडून खूप वेळ बसले. परत निघालो तर नदीवरून वर येणारा रस्ता खडीचा, चढाचा, आणि समोरून म्हशी उतरत होत्या. मी दुसऱ्यातच होते. म्हशींना वाट देता देता वेग मेला, इंजिन धडधडायला लागलं, हँडल हातात नाचायला लागलं. मागून बाबा ओरडले. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. भरदार, तरुण माणसाचा आवाज.

"पहिला टाक रे! टाक, पडशील!"

"टाकतो, बाबा!"

टाच खाली गेली, गाडीने जोर धरला आणि म्हशींच्या कडेकडेने आम्ही वर सपाटीला आलो. तिथे मी गाडी थांबवली. माझ्या तोंडून काय गेलं, ते मला आत्ता ऐकू येत होतं.

बाबा उतरून समोर आले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय म्हणालीस तू?"

"टाकते म्हटलं, बाबा."

"नाही," ते म्हणाले. "मी ऐकलं." मग रस्त्याकडे वळून म्हणाले, "गाडी तू ने. मी स्टेशनवरून जातो."

मागे न बघता ते चालू लागले. मी एकटीच परत आले. मागची सीट रिकामी होती, तरी गाडी दोघांची असल्यासारखी जड चालत होती. पुलावर पुन्हा तीच गर्दी. मी ठरवायच्या आधीच माझी टाच दांडीवर जात होती, आणि बरोबर जात होती.

त्यानंतर बाबा गाडीवर बसले नाहीत, तो विषयही कुणी काढला नाही. मी रोज शाळेला गाडीने जाऊ लागले. संध्याकाळी गेटपाशी वळताना दुसऱ्यातून पहिला पडायचा, इंजिनचा आवाज चढून वर घरापर्यंत जायचा, आणि मी जिना चढून वर जाईपर्यंत दार उघडलेलं असायचं. बाबा दारात उभे. मला बघून ओळख पटायला त्यांना क्षण लागायचा. मग म्हणायचे, "ये गं."

एका संध्याकाळी ते तसं म्हणाले नाहीत. माझ्या मागे जिन्यात वाकून बघत त्यांनी विचारलं, "गाडी लावतोय का तो?"

मी "हो" म्हणाले. बराच वेळ त्यांनी दार लावू दिलं नाही.

आता मी गेटच्या बाहेरच इंजिन बंद करते आणि गाडी ढकलत आत आणते. वॉचमन विचारतो, "मॅडम, बिघडली का?" मी म्हणते, बिघडली.