माइक चालूच होता

रुग्णवाहिकेच्या टपावर तुम्ही कधी बसला आहात का? नसालच, असं धरून चालते. पण बसलेल्यांना पाहिलं तर नक्की असेल. बैलगाडा शर्यत भरवायची तर घाटाशेजारी रुग्णवाहिका उभी करावी लागते, आणि एकदा ती उभी राहिली की शर्यत बघायला सगळ्यात उंच आणि फुकटची जागा तीच. चैत्रातल्या त्या दुपारी, जुन्नरच्या पूर्वेकडच्या पठारावर, एका गावच्या जत्रेत, तिच्या टपावर माणसं दाटीवाटीनं बसली होती. पुढ्यात कोणीतरी पिकअप आडवी लावून ठेवली होती. तिथून हाकेच्या अंतरावर, निवेदकाच्या मांडवात, माझा सुदाममामा बोलता बोलता कोसळला. मला फोन आला नाही. व्हिडिओ आला. माझ्याच एका चुलतभावानं पाठवलेला, खाली हात जोडलेलं चिन्ह. मामा दवाखान्यात पोचायच्या आधी त्याचं पडणं गावोगाव पोचलं होतं...

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. घोडेगावजवळ शेती करायचा, पण जीव घाटात. बैलगाड्यांची चढावरची ती धावपट्टी म्हणजे घाट, आणि एकेका गाड्याचं पळणं म्हणजे बारी. गाडा सुटला की मामाचा आवाज त्याच्या पुढे पळायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचं खरं काम मात्र दोन बाऱ्यांच्या मधलं. गाडा वर गेला रे गेला की बघणारे घाटात उतरतात, आणि पुढचा गाडा सुटायच्या आत त्यांना बाहेर काढावं लागतं. मामा शिव्या न देता काढायचा. "ओ निळा शर्ट, बैलाला तुमी दिसताय, तुमाला बैल दिसंना का? घरी सांगून आलाय न्हवं?" लोक हसत हसत मागं सरायचे. लहानपणी मी त्याच्या मांडवात खुर्चीखाली बसून हे ऐकलं आहे. माझे वडील पत्रकं छापून वाटणारे. कधी पाण्याच्या प्रश्नावर, कधी भोंदू बाबांवर. मामा त्यांना चिडवायचा, "दाजी, तुमचं पत्रक लोक भेळंखाली घेत्यात. माझ्या बोलण्यात भेळ बांधता येत न्हाई, म्हणून ते कानात जातंय." वडील चिडायचे, आई हसायची, आणि मी दोघांचीही बाजू घ्यायचे.

शर्यतींवरची बंदी उठल्यानंतरची गोष्ट. डिंभ्याकडून घोडेगावला येणाऱ्या रस्त्यालगत एका गावचा घाट होता आणि बघणाऱ्यांनी अर्धा रस्ता गाड्या लावून खाल्ला होता. डोंगरातल्या गावातून कळा सुरू झालेली एक बाई घेऊन रुग्णवाहिका आली आणि तिथंच अडकली. भोंगा वाजत होता, लोक मान वळवून बघत होते आणि पुन्हा घाटाकडे तोंड करत होते. मामानं पुढची बारी पुकारायचं थांबवलं. बैल जुंपून तयार असलेला गाडामालक मांडवाशी धावत आला. "सुदामभाऊ, बैल खवळल्यात राव, किती येळ धरायची? पुकारा की!" मामा त्याला माइकवरूनच बोलला, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं. "पावणं, बैल तुमचं हाय, रस्ता समद्यांचा हाय. ती गाडी निघाल्याबिगर बारी व्हणार न्हाई. आन ती पांढरी जीप कुणाची हाय? आत्ता काढा, न्हायतर तुमच्या सासरवाडीला फोन लावतो, तुमचा जावई पोरगं जन्माला येऊ दीना म्हणून." हशा पिकला, जीप निघाली, मागोमाग बाकीच्या निघाल्या. त्या गावानं मामाला पुढच्या वर्षी बोलावलं नाही. "बारीचा इस्कोट केला" असं कमिटीचं म्हणणं पडलं. मामा म्हणाला, "बरं झालं, तिथला चहा लई पाणचट व्हता."

आता त्या व्हिडिओबद्दल. मी तो किती वेळा पाहिला हे सांगत नाही. मामा खाली पडला आहे. घाटातली, मांडवामागची, हॉटेलातली माणसं धावत येतात. रुग्णवाहिकेतली डॉक्टर पिशवी घेऊन निघते, पण तिच्या आधी शेकडो माणसं पोचलेली. सगळ्यांचे हात मदतीला पुढे. कोणी तळपाय चोळतो, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, एक जण तोंडात पाणी ओततो. माइक मामाच्या हातातून सुटून तिथंच पडला आहे आणि चालू आहे, त्यामुळे अख्ख्या घाटाला ऐकू जातं: "पाणी आणा... वारं घाला... आरं उचला त्येला, बघताय काय!" आणि त्या गलक्यात कुठूनतरी एका बाईचा आवाज, "मागे व्हा, मला छाती दाबू द्या, मागे व्हा." तोच माइक उचलून "मागं सरा" एवढे दोन शब्द कोणालाही बोलता आले असते. बोलणारा एकटाच माणूस खाली पडला होता. मागे रुग्णवाहिका दिसते. चालक टपावरच्यांना हातानं खुणावतो आहे, उतरा. ते उतरत नाहीत. त्यांना आता वरून जास्त चांगलं दिसतं आहे.

मग कोणा पुढाऱ्याची मोठी गाडी आली. "हिच्यात घाला, एसी हाय, लवकर पोचंल." मामाला चौघांनी हातापायाला धरून उचललं आणि मागच्या सीटवर दुमडून कोंबलं. डॉक्टर आत चढायला गेली. दार लावणाऱ्यानं तिला दंडाला धरून बाजूला केलं. "मॅडम, तुमी मागनं या." ऑक्सिजन, शॉक देण्याचं यंत्र, ते चालवणारी बाई, सगळं त्या आडव्या पिकअपच्या मागे राहिलं, आणि मामा थंड हवेत, छातीला कोणी हात न लावता, पठार उतरून गेला. दवाखान्याच्या दारात त्याला तपासलं तेव्हा संपलेलं होतं.

दशक्रियेला नदीच्या घाटावर माणूस मावत नव्हता. आमच्याकडे दशक्रियेला भाषणं होतात, तशी झाली. एक वक्ता म्हणाला, सुदामभाऊंसाठी क्षणात हजार हात धावले. दुसऱ्यानं गाडी देणाऱ्या पुढाऱ्याचे आभार मानले, आणि पुढाऱ्यानं बसल्या जागी नमस्कार केला. रुग्णवाहिकेचं नाव कोणी काढलं नाही. काढलं ते किसनभाऊंनी, जेवणाच्या पंगतीत, आणि तेही "ॲम्ब्युलन्स लई उशिरा आली" असं म्हणून. किसनभाऊ मामाचे जुने जोडीदार, मामाचे पाय चोळत होते ते. मी म्हणाले, "भाऊ, ती सकाळपासून तिथंच उभी होती."

"मंग म्होरं का आली न्हाई?"

"तुम्ही येऊ दिलं का?"

"पोरी, आमी काय तमाशा बघत व्हतो? जीव तोडून पळालो आमी!"

"सगळेच पळालात, भाऊ. एकानं तरी थांबायचं होतं."

डोळे भरून आले त्यांचे. मला राग आला, त्यांचा आणि त्यांच्या डोळ्यांचाही, कारण अशा माणसावर रागावताही येत नाही. दगड मारणाऱ्याशी भांडता येतं. प्रेमानं वाट अडवून उभ्या राहिलेल्याचं काय करायचं?

पुढच्या आठवड्यात मी त्या डॉक्टरला भेटायला गेले. वयानं माझ्याएवढीच. दंडावरचा डाग पिवळा पडत आला होता. तक्रार का केली नाही, असं विचारलं तर म्हणाली, "कोणाविरुद्ध करू? धक्का देणारा रडत होता." मग मला जे विचारायचं होतं ते विचारलं. "वाचले असते असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते कोणीच सांगू शकत नाही. पण माझे हात त्यांच्या छातीपर्यंत पोचलेच नाहीत. ते मात्र माझ्या डोक्यातून जात नाही." पुढच्या रविवारी तिला दुसऱ्या घाटावर जायचं होतं.

मामी पहाटे उठते आणि सवयीनं तांब्याभर पाणी मीठ घालून गरम करते. मामा रोज गुळण्या करायचा, आवाजासाठी. पाणी उकळायला लागलं की तिला आठवतं. मग ते मोरीत ओतते आणि चहा ठेवते. परवा मी तिथंच होते. मला म्हणाली, "किती माणूस आलं गं त्येंच्यासाठी, न्हाई?" तिला तेवढाच आधार आहे. मी "हो" म्हणाले. तिच्यापाशी दुसरं काही बोलायची माझी हिंमत नाही, म्हणून ते तुमच्यापाशी बोलते आहे.

तुमच्या गावच्या जत्रेची बैठक लागेल. मंदिरात, नाहीतर पारावर. बक्षिसं ठरतील, मांडव ठरेल, पाहुण्यांचे फेटे ठरतील. तेव्हा उठून उभे राहा आणि दोन गोष्टी ठरवून घ्या. पडलेल्या माणसाला डॉक्टर सांगेपर्यंत कोणी उचलायचं नाही. आणि डॉक्टरला वाट करून द्यायला, तिच्याकडे पाठ करून भोवती कडं धरायला, माणसं आधीच नेमायची. लोक कुरकुरतील, कोणीतरी म्हणेल की तसं काही होत नाही, शुभ कामात असलं बोलू नये. तरी बसू नका. आणि कोण उभं राहणार असं कोणी विचारलं, तर पहिलं नाव तुमचं सांगा.